एकसुरें

जुव्याला भरती मानशीला टेकली
की फळ्या आपोआप मिटतात.
ओहोटीला उघडतात.
रुझारबाब बांधावर उकिडवा बसतो, विडी दगडावर चिरडतो,
म्हणतो, हिला कुणी शिकवलं नाही बाई,
पाण्याच्या रेट्यालाच अक्कल असते.

मी वहीत लिहिते: पेशीचं आवरण.
मग खोडते.
उपमा पटकन सुचली की मला तिची धास्ती वाटते.
अशाच एका उपमेवर मी डॉक्टर झाले,
बीज म्हणजे आराखडा, झाड म्हणजे इमारत,
आणि पंचवीस वर्षं त्या इमारतीत
भाडं न देता राहिले.

कोरगुट खारीत उगवतं.
गुडघाभर चिखल, चिखलात मीठ,
खेकड्यांनी पोखरलेला बांध,
आणि तरी लोंब्या.
ते मीठ सोसणारं काहीतरी दाण्यातच असणार
अशी आमची खात्री. दाणा सोलला, दळला, वाचला.

लविनाने बियाणं ब्लीचमध्ये बुडवलं,
सात पाण्यांत धुतलं,
भाजलेल्या वाळूत पेरलं. दिवे बारा तास, मीठ तोलून.
नवव्या दिवशी रोपांनी माना टाकल्या.
पिवळीसुद्धा नाहीत, पांढरी.
दिवे तपासले. तराजू तपासला.
पुन्हा पेरलं, पुन्हा पांढरी.
लविना काही बोलली नाही,
ट्रे तेवढा भिंतीकडे तोंड करून ठेवला.

तिसऱ्या खेपेची मेलेली रोपं डब्यात घालून
मी जुव्याला आले. का, ते नीट सांगता येणार नाही.
रुझारबाबने एक उपटलं,
मूळ नाकाशी धरलं, बराच वेळ.
मग म्हणाला,
‘ताका तुमीं एकसुरें केलें.’

एकसुरें.
आमच्याकडे याला निर्जंतुक म्हणतात
आणि त्यासाठी वेगळी खोली असते.

त्याने मानशीच्या आतल्या बाजूचा चिखल दिला,
पानात बांधून, मासे देतात तसा.
चिमूटभरच घातला वाळूत.
नववा दिवस गेला. तेरावा गेला.
एकविसाव्या दिवशी लविनाने मुळाचा काप
सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि मला हाक मारली,
नेहमीच्या ‘मॅडम’शिवाय.

पेशींच्या फटींतून बुरशीचे धागे,
धाग्यांना बिलगून जंतू, काही आत, काही उंबऱ्यावर.
कोण पाहुणा, कोण घरचं, ओळखू येईना.
आणि त्या पेशींतही
फार पूर्वी गिळलेला, न पचलेला एकजण
अजून चूल पेटती ठेवून बसलेला.

शोधनिबंधाच्या फॉर्मवर एक चौकट आहे:
सजीवाचे नाव.
चौकट लहान आहे.
दोन दिवस मी तिच्यात काहीच भरलं नाही.

शनिवारी डिचोलीला गेले.
आई वाट्या पुसत होती.
मी सांगत सुटले, बुरशी, मुळं, चिखल,
आणि बोलण्याच्या ओघात हेही, की
माझ्या आधीचा तुझा तो तीन दिवसांचा,
त्याच्या काही पेशी तुझ्या रक्तात अजून असू शकतात.
तुझ्यातून माझ्यातही, कदाचित.
शक्य आहे म्हणतात, आपलं कुणी तपासलेलं नाही.

आई तीच वाटी पुसत राहिली.
त्याचं नावही ठेवलं नव्हतं.
मग विचारलं,
‘भूक लागत असेल का गं त्याला?’

मी तिला विधानांच्या मर्यादा सांगू शकले असते.
नमुन्याचा आकार सांगू शकले असते.
पेशीला लागते, म्हटलं.

रात्री रुझारबाबने दिलेल्या तांबड्या तांदळाची पेज होती.
आई एरवी अर्धी वाटी घेते.
त्या रात्री तिने पुन्हा वाढून घेतली,
आणि मीठ मागितलं.